बिनगाठीचा तुकडा

धुतलेल्या चादरीवर चहा ओतायचा होता आणि बुअज्जाचा हात काही पुढे होत नव्हता.

चहा त्याने पुदिना आणि साखर घालून रीतसर केला होता. तो आता निवत आला होता. समोर टेबलावर एक जुनी पांढरी चादर पसरलेली होती आणि शेजारी मालकीणबाईंनी लिहून दिलेली डागांची यादी होती. चहा, ऑलिव्हचे तेल, केशराचा रस्सा, चिखल आणि ओठांची लाली. यादी बुअज्जाला वाचता येत नव्हती, पण एव्हाना पाठ झाली होती. अझ्रू गावातल्या या अतिथिगृहाच्या चादरी तो चोवीस वर्षे धूत होता. पाहुण्यांनी पाडलेला प्रत्येक डाग त्याने पाहिला होता, तो कशाचा ते ओळखले होते आणि कोणाला सांगितले नव्हते. आपल्या हाताने डाग पाडण्याची वेळ मात्र कधी आली नव्हती.

शेवटी त्याने स्वयंपाकघरातून तामूला बोलावले. तामू स्वयंपाकीण. काय करायचे ते तिने ऐकून घेतले, दोनदा खात्री करून घेतली आणि मग जुने वैर असल्यासारखा अख्खा पेला चादरीवर पालथा केला. तेल तर तिने तळव्याने चोळून जिरवले. रस्सा घालताना, पाहुण्याला विचारावे तसे, "अजून थोडा वाढू?" असे तिने चादरीला विचारले. ओठांची लाली आपल्याकडे नसते, असे ती जरा जास्तच जोर देऊन म्हणाली, म्हणून ती मालकीणबाईंनी स्वतःची दिली.

मालकीणबाईंचे नाव जुहूर. सगळे त्यांना आदराने लल्ला, म्हणजे बाईसाहेब, जुहूर म्हणत. वडिलांच्या मागे अतिथिगृह त्या चालवत होत्या आणि बरे चालवत होत्या. पण गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या हॉटेलाच्या दारावर पितळेचे हिरवे पान लागले त्या दिवसापासून त्यांचे जेवणावरचे लक्ष उडाले होते. हे पान युरोपातले एक कार्यालय देत असे. ज्याच्या दारावर पान, तो निसर्गाचा मित्र. परदेशी पाहुणे आता खोलीत गरम पाणी आहे का, हे विचारण्याआधी पान आहे का, हे विचारू लागले होते. पानासाठी लल्ला जुहूरनी दिवे बदलले, नळ बदलले, उशीवर कार्डे ठेवली. 'पाणी वाचवायचे असेल तर टॉवेल पुन्हा वापरा' असे त्यावर चार भाषांत लिहिले होते. पाहुणे कार्ड वाचून हळहळत आणि टॉवेल जमिनीवर टाकत. आता एकच अट उरली होती : कपड्यांची पावडर बंद करायची आणि तिच्या जागी निसर्गाला न दुखावणारे काहीतरी आणायचे.

असे 'काहीतरी' तीन प्रकारचे जमले होते, आणि त्यांतले कोणते खरेच डाग काढते ते त्या डागाळलेल्या चादरीवर पाहायचे होते. पहिला एक प्लॅस्टिकचा चेंडू. त्याच्या पोटात मातीच्या गोळ्या खुळखुळत. सोबतच्या कागदावर लिहिले होते की हा चेंडू पाण्याचे कण बारीक करतो आणि हजार धुण्यांना पुरतो. दुसरे, थेट हिंदुस्थानातून आलेले रिठे. तामूला ते सुकलेले खजूर वाटले आणि तिने एक चावून पाहिला. त्या दुपारी ती कोणाशीच बोलली नाही. आणि तिसरे तिघश्त. हे डोंगरात उगवणाऱ्या एका झुडपाचे मूळ. कुटून पाण्यात घातले की दुधासारखा फेस येतो. तिघश्तचे नाव लल्ला जुहूरना बुअज्जानेच सुचवले होते. ते मूळ खणणाऱ्या नऊ बायकांच्या मंडळाची प्रमुख त्याची थोरली बहीण इत्तो होती.

इत्तो सकाळच्या गाडीने डोंगरातून आली. टपावरून पोते उतरवताना ड्रायव्हरने मदतीचा हात पुढे केला, तर "आधी गाडी सरळ उभी करायला शीक," म्हणून तिने स्वतःच ते पाठीवर घेतले. वय पासष्ट. भावाला भेटल्यावर तिने त्याच्या डोक्याचे चुंबन घेतले आणि लगेच त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या.

"तुझी ती पावडर कापड धुते की तुझी कातडी?" ती म्हणाली.

"दोन्ही. कापडाचे पैसे मिळतात."

मग धुण्याच्या खोलीत पोत्यावर बसून तिने चहा घेतला आणि तिकडची हकिकत सांगितली. मंडळाला मुळे वाळवायला ग्रामसंस्थेने एक पक्की खोली दिली होती. खोलीला पत्रा होता, कुलूप होते, दारावर मंडळाचे नाव होते. पण उन्हाळा संपेपर्यंत कायमचे गिऱ्हाईक मिळाले नाही तर खोली मधवाल्यांना जाणार होती. एका दगडी कट्ट्यावर, पावसापासून लपवत मुळे वाळवण्याचे दिवस इत्तोने पंधरा वर्षे काढले होते. नऊपैकी पाच जणी विधवा होत्या. त्या घरी बसल्या की सुनांच्या राज्यात बसत. खोलीत बसल्या की मंडळात बसत.

"मधवाल्यांचं बरं आहे," इत्तो म्हणाली. "त्यांच्याकडं माश्या राबतात. आमच्याकडं आम्हीच."

बुअज्जाने विचारले की अतिथिगृहाने दर आठवड्याला पोते मागितले तर जमेल का. इत्तो म्हणाली, न जमायला काय झाले. पूर्वी मूळ घरामागेच सापडायचे, आता दोन डोंगर ओलांडावे लागतात, एवढेच. उपटले की झुडूप मरते, आणि नवे उगवायला त्याला घाई नसते.

"मग तिसरा डोंगर ओलांडावा लागेल," बुअज्जा म्हणाला.

"ओलांडू. पाय आहेत तोवर डोंगर कुठं पळतायत."

लल्ला जुहूरच्या सांगण्याप्रमाणे त्याने डागाळलेल्या चादरीच्या लांब पट्ट्या फाडल्या, प्रत्येकीवर पाचही डाग येतील अशा. त्यांनी चार सांगितल्या होत्या : एक जुन्या पावडरीची, एक चेंडूची, एक रिठ्यांची, एक तिघश्तची. कोपऱ्यात त्याने गाठी मारल्या. पावडरीला एक, चेंडूला दोन, रिठ्यांना तीन, तिघश्तला चार. चादर थोडी उरली. तिची पाचवी पट्टी त्याने न ठरवताच फाडली आणि तिला गाठ मारली नाही.

ही सवय आईची. इघ्रेमला, त्यांच्या गावी, वसंतात मेंढ्या कातरल्या की सगळ्या घरांची लोकर एकाच ओढ्यावर धुतली जायची. कोणाची लोकर कुठली, हे कळावे म्हणून प्रत्येक घर आपापल्या गाठी मारायचे; त्यांच्या घराच्या चार. आई मात्र आपल्या लोकरीतला एक झुबका बाजूला काढायची. त्याला ना तिघश्त, ना गाठ. तो नुसत्या ओढ्याच्या पाण्यात बुचकळायचा आणि वाळला की मागाच्या खांबाला टांगायचा. त्याला ती साक्षीदार म्हणायची. कोणी घोंगडीची तारीफ करू लागले की आई म्हणायची, आधी त्याला हात लावून ये. तिघश्तने किती मळ काढला आणि पाण्याने किती, हे त्याशिवाय कळत नाही. लोकरीत फरक इतका असायचा की बायका हात लावून हसायच्या.

बुअज्जाने पाचही पट्ट्या वेगवेगळ्या धुतल्या, एकाच यंत्रात, एकाच गरम पाण्यात. निदान लल्ला जुहूरची तशी आज्ञा होती. पण तिघश्तची पाळी आली तेव्हा त्याने मूळ स्वतः कुटले, तासभर उकळले, दोनदा गाळले, पट्टी त्यात दुपारपर्यंत भिजत ठेवली आणि मगच यंत्रात टाकली. चेंडूसाठी त्याने असे काही केले नाही. चेंडूला कोणी बहीण नव्हती.

पट्ट्या ओल्या असतानाच त्याला निकाल कळला. ओले कापड सगळ्यांनाच गोरे दिसते, त्याला दिसत नाही. पावडरीच्या पट्टीवर रश्शाची पुसट पिवळी कड सोडली तर काही नव्हते. चेंडूच्या पट्टीवरचे डाग नुसत्या पाण्याने जावेत तेवढेच गेले होते, वर चेंडू घासल्याची करडी छटा आली होती. रिठ्याने डाग थोडे फिके केले होते आणि बदल्यात आपला तपकिरी रंग दिला होता. तिघश्तचेही तसेच, लाड करून धुतल्यामुळे रंग जरा जास्तच चढला होता. आणि पाचवी पट्टी, जिच्यात काही घातले नव्हते, तिच्यात काही उतरलेही नव्हते. चिखल गेला होता, चहाचे ढग झाले होते, तेलाचा डाग राहिला होता. पावडरीच्या खालोखाल नंबर लावायचा तर तो तिचा होता.

बुअज्जा बराच वेळ यंत्रासमोर बसून राहिला. पांढऱ्या रंगाबद्दल त्याच्या मनात फारशी श्रद्धा नव्हती. शेवटच्या पाण्यात चिमूटभर नीळ घातली की पिवळट चादर पाहुण्याला बर्फासारखी दिसते, हे तो चोवीस वर्षे करत आला होता. लल्ला जुहूरच्या वडिलांना ते ठाऊक होते. ते म्हणायचे, पाहुणा डोळे घेऊन येतो, त्याचे डोळे धुऊन पाठव. तेव्हा खोटे त्याला अगदीच परके नव्हते. पण ते डोळ्यांशी बोललेले खोटे होते, तोंडाने बोललेले नव्हते, आणि हा फरक त्याने आजवर जपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर पाच पट्ट्या ओळीने वाळत होत्या. ऊन चांगले होते. लल्ला जुहूर एका हातात कार्यालयाचा कागद आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन वर आल्या. मागोमाग नवे डोक्याचे फडके बांधलेली इत्तो आली. ती लग्नाला आल्यासारखी उभी राहिली.

बुअज्जा गाठींचे सांगायला लागला, तर लल्ला जुहूरनी त्याला थांबवले. म्हणाल्या, गाठी राहू देत, मी डोळ्यांनी ओळखते. पाच का आहेत, हे त्यांनी विचारले नाही. रिठ्यांच्या दोन तऱ्हा केल्या असतील, असे त्यांनी आपल्या मनाशी ठरवून टाकले.

पहिली पट्टी त्यांनी बरोबर ओळखली. "ही पावडर. पाप आहे, पण पांढरं आहे." मग त्या तपकिरी झाक आलेल्या पट्टीपाशी आल्या. तिला चार गाठी होत्या. दोन बोटांनी तिचे टोक उचलून त्यांनी नाक मुरडले. "आणि ही त्या हिंदुस्थानी फळांची. यावर मी पाहुणा झोपवला तर तो सकाळी पैसे परत मागेल."

इत्तोने मान डोलावली. "बाहेरचा माल," ती म्हणाली. "दुरून येतो, दमून येतो."

 बुअज्जाने चिमट्यांची टोपली उचलून दुसरीकडे ठेवली.

लल्ला जुहूर ओळीच्या शेवटी आल्या आणि थांबल्या. इथे काहीतरी आहे, असे म्हणाल्या. तेल थोडे राहिले आहे, पण कापड किती मोकळे, किती स्वच्छ वाटते आहे. अगदी डोंगरातून आल्यासारखे. त्यांनी इत्तोला जवळ बोलावले. इत्तोने पट्टी नजरेने वरपासून खालपर्यंत वाचली आणि तिचा चेहरा उजळला.

"हीच. तिघश्तचा हात मी अंधारातही ओळखीन, लल्ला. साठ वर्षं धुतेय."

मग सगळे पटापट झाले. लल्ला जुहूर म्हणाल्या, दर आठवड्याला एक पोते, उन्हाळ्यात दोन. कायमचे. ग्रामसंस्थेला पत्र आजच लिहून देते. आणि पाहुण्यांच्या खोल्यांत टांगायला एक फोटो हवा : इत्तो, ही पट्टी आणि मागे देवदारांचा डोंगर. इत्तोने पट्टीचे चिमटे काढले, फडके सारखे केले आणि पट्टी दोन्ही हातांनी छातीसमोर धरली. लल्ला जुहूर फोन डोळ्यांसमोर धरून दोन पावले मागे गेल्या.

बुअज्जाला बोलायचे होते. बोलायला वेळही होता. त्याने डोंगराकडे पाहिले. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने डाग पाहून न पाहिल्यासारखे केले.

कापड हातात आले की कोपरा चाचपायचा, ही ओढ्यावरच्या बायकांची सवय. इत्तोचा अंगठा एका कोपऱ्यावरून फिरला, मग दुसऱ्या, मग उरलेल्या दोन्हींवरून. फोटोसाठी आणलेले हसू तसेच ठेवून ती भावाला डोंगरी बोलीत म्हणाली, म्हणजे लल्ला जुहूरना कळू नये :

"याला गाठ नाही."

"सुटली असेल."

"तुझी गाठ सुटत नाही. लहानपणापासनं सुटत नाही. आई दातांनी सोडवायची."

 इत्तोने दोरीवर उरलेल्या चार पट्ट्यांकडे एकवार पाहिले. मग ती त्या नाक मुरडलेल्या तपकिरी पट्टीपाशी गेली, तिचा कोपरा हातात घेतला आणि गाठी मोजल्या. चार बोटे, चार गाठी. आपल्या घराच्या गाठी किती, हे तिला कोणी सांगायला नको होते; भावाने तिच्यासाठी त्याच मारल्या होत्या. तिने त्या गाठी जरा वेळ मुठीत धरून ठेवल्या.

लल्ला जुहूर विचारत होत्या की काही अडचण आहे का, ऊन डोक्यावर येतंय.

"अडचण नाही, लल्ला," इत्तो आता शहरी अरबीत म्हणाली. "ही माझी नाही. माझी ती, दमून आलेली. हे नुसतं पाणी आहे."

लल्ला जुहूरनी फोन खाली घेतला. "नुसतं पाणी म्हणजे?"

"गरम पाणी," बुअज्जा म्हणाला. आता बोलण्यात त्याचे कर्तृत्व काही उरले नव्हते, तरी तो बोलला. "बाकी काही नाही घातलं."

"मग तो हजार धुण्यांचा चेंडू?"

"चेंडू फिरतो छान, लल्ला."

 मग इत्तोने आपल्या बाजूचे जेवढे खरे होते तेवढे मांडले, भाजी विकावी तशा सुरात. सुती कापडाला तिघश्त चालत नाही, हे आईलाही ठाऊक असणार. आपणच विसरलो, कारण आठवून परवडत नव्हते. पण लोकरीला तिघश्तसारखे दुसरे नाही. तुमच्या कोठीतल्या घोंगड्या तुम्ही पावडरीने धुऊन पुठ्ठ्यासारख्या केल्या आहेत, काल मी हात लावून पाहिल्या. त्या आमच्याकडे द्या. आणि बोलणे नको, बघा. तिने पोत्यातले मूळ काढले, एक घोंगडी तिथेच घंगाळात धुतली, आणि तिच्याच शेजारी लोकरीचा एक धागा नुसत्या पाण्यात धुऊन ठेवला. दुपारी दोन्ही वाळले. लल्ला जुहूरनी दोन्हींना हात लावला आणि त्या हसल्या.

घोंगड्या चाळीस होत्या. वर्षातून एकदा, मे महिन्यात, धुवायच्या असे ठरले. फोटोचे राहून गेले.

निघताना इत्तोने ती बिनगाठीची पट्टी मागून घेतली. बुअज्जा तिला गाडीपर्यंत पोचवायला गेला. आपण का बोललो नाही, हे सांगायला त्याने दोनदा तोंड उघडले. दोन्ही वेळा इत्तोने ड्रायव्हरला काहीतरी सुनावले. गाडीत चढल्यावर मात्र ती खिडकीतून म्हणाली, "चार गाठी मारल्यास. तेवढं पुष्कळ झालं." आणि काच वर केली.

युरोपातल्या कार्यालयाच्या कागदावर रिठ्यांना रकाना होता, चेंडूला रकाना होता, मुळाला रकाना होता. पाण्याला नव्हता. तेव्हा लल्ला जुहूरनी चेंडू घेतले, सहा. पान आले आणि दारावर लागले. चेंडू यंत्रात फिरतात आणि बुअज्जा त्यांच्या सोबतीला पावडर टाकतो, पण आता निम्मी. निम्म्या पावडरीने चादरी पूर्वीइतक्याच निघतात, हे त्याला त्या पाचव्या पट्टीने सुचवले होते.  लल्ला जुहूरना त्याने हे सांगितले. त्यांना ते पटले, पण याला पान मिळत नाही, असे त्या म्हणाल्या. त्याच्या बोटांच्या भेगा मात्र हिवाळ्यापर्यंत बऱ्याच भरून आल्या.

उन्हाळा संपला तेव्हा पक्की खोली मधवाल्यांना गेली. दारावरचे मंडळाचे नाव त्यांनी स्वतः, फार आदराने, पुसले. इत्तो आणि बाकीच्या जणी पुन्हा दगडी कट्ट्यावर आल्या. मुळे आता थोडीच लागतात, त्यामुळे दुसऱ्या डोंगरापर्यंत जावे लागत नाही. मेमध्ये चाळीस घोंगड्या ओढ्यावर येतात आणि आठवडाभर नऊ बायकांचे मंडळ भरते. बाकीचे वर्ष सुनांचे.

मंगळवार हा अझ्रूच्या बाजाराचा दिवस. त्या दिवशी डोंगरातली गाडी लवकर येते आणि ड्रायव्हर अतिथिगृहाच्या मागच्या दारी एक गाठोडे ठेवून जातो. आत इत्तोने भाजलेली जाड भाकरी असते, अजून कोमट. भाकरी त्या पट्टीत गुंडाळलेली असते. चहाचे ढग आहेत तिथेच आहेत, तेलाचा डाग आहे तिथेच आहे, ओठांच्या लालीचा गुलाबी ठिपकाही. बुअज्जा भाकरी बाजूला काढतो, पट्टी झटकतो आणि हाताने धुतो. पावडर नाही, नीळ नाही. गच्चीवर चादरींची ओळ संपते तिथे, एका चिमट्यावर, ती वाळत पडते.

चारच्या गाडीने ती परत जाते. घडी करण्याआधी त्याचा अंगठा कोपऱ्यावरून फिरतो, एका, मग दुसऱ्या. मग तो तिची घडी घालतो.